धाकट्याची पोथी

सोलापूर, २० नोव्हेंबर १९२८

आज दुकानात अण्णा मला म्हणाला, "धुळाप्पा, त्याला सांग, करडईची पोती ओल्या भिंतीला लावलीत."

मी अण्णापासून दोन हातांवर बसलो होतो. मधे आमचा मुनीम धुळाप्पा. त्याने मान माझ्याकडे वळवली. "धाकलं धनी, करडईची पोती वल्या भितीला लावल्यात म्हणं."

मी म्हणालो, "धुळाप्पा, त्यांना सांग, मला डोळे आहेत."

धुळाप्पाने मान पलीकडे वळवली. "थोरलं धनी, त्यास्नी डोळं हायती म्हणं."

गेल्या सालच्या दिवाळीपासून आमचे दुकान असे चालले आहे. मंगळवार पेठेत आमची अडत आहे, शेंगा आणि करडईची, आणि तिच्याच मागे घर. वडील गेल्यावर दोघे भाऊ मिळून बघतो. मी चनबसप्पा, धाकटा, मॅट्रिक झालेला. अण्णा म्हणजे शिवलिंगप्पा, थोरला. मी म्हणालो होतो की मैंदर्गीला, अव्वाच्या म्हणजे आईच्या माहेरी, ऑईल इंजिन बसवू आणि तेल काढू. अण्णा गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "इंजिनाच्या आवाजानं लक्ष्मी पळून जाती. हा आमचा पुस्तकातला पंडित." त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा थांबला. तो म्हणतो, मी आधी थांबलो. धुळाप्पाला विचारले तर म्हणतो, "दोघंबी एकदमच थांबलासा की."

घरात चूल अजून एकच आहे. अण्णा आधी जेवतो, मी मागून. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की पंच बसवून वाटणी मागायची, असे मी ठरवले आहे. ठरवलेच आहे म्हणा. फक्त वरच्याचा एक होकार घ्यावा, एवढेच राहिले आहे. त्यासाठी ही वही सुरू केली.

२३ नोव्हेंबर

ऑल्सनसाहेबाविषयी लिहायला हवे. तो अमेरिकन फिटर, मुंबईहून कुंभारीला कापसाच्या एका जिनात इंजिन बसवायला आला होता. इंजिन कसे असते ते पाहायला मी रोज जायचो, म्हणून ओळख झाली. एक दिवस घरी आणले. ओसरीवर बसवले. चहा दिला, नको म्हणाला. पानसुपारी, विडी, सगळ्याला नको. त्यांच्या पंथात हे चालत नाही म्हणे. दारूला तर शिवतही नाही.

अव्वा आतून म्हणाली, "आजारी हाय का त्यो?"

शेवटी दूध दिले. ते दोन तांबे प्यायला. अव्वाला तो तेव्हापासून आवडू लागला. नाव तिला येत नाही. लसूणसाहेब म्हणते.

त्याचे गाव एका खाऱ्या तळ्याकाठी आहे. मी विचारले, "आमच्या सिद्धेश्वराच्या तळ्यासारखे?" तो हसला. म्हणाला, या काठावरून तो काठ दिसत नाही आणि पाण्यात मासा जगत नाही. त्याचा आजा बैलगाडीतून ओसाड रान तुडवीत तिथे गेला. हे मॉर्मन लोक. त्यांची स्वतःची एक पोथी आहे, बायबलाखेरीज.

गेल्या आठवड्यात त्याला आगगाडीवर सोडायला गेलो तेव्हा त्याने मला विचारले, "मिस्टर चनबसप्पा, तुमच्या चेहऱ्यावर नेहमी एक प्रश्न असतो. काय तो?" मी वाटणीचे सांगितले. अर्थात भावाचे नाव खराब होणार नाही इतपतच सांगितले. त्याने पेटीतून ती पोथी काढून दिली. आपल्या तरुणपणी तोही असाच अडला होता, तेव्हा हिने वाट दाखवली म्हणाला. पूर्ण वाच, मनात घोळव, मग देवाला विचार. उत्तर येते. कधी नुसती छातीत ऊब वाटते, मन निवते. "मात्र एक," गाडी हलताना तो म्हणाला, "येईल ते उत्तर मानायची तयारी ठेवून विचार."

ती तर आहेच.

२७ नोव्हेंबर

वाचायला लागलो. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, डिक्शनरी जवळ घेऊन बसावे लागते. पण गोष्ट जबरदस्त! एक बाप देवाच्या सांगण्यावरून भरले घर सोडून रानात निघतो. मुले चार. थोरले दोघे सारखे कुरकुरतात. सगळ्यांत धाकटा मात्र शहाणा, अंगाने थोराड, सांगितलेले काम करणारा. थोरले त्याला हसतात. प्रसंगी मारतात.

वाचता वाचता अंगावर काटा आला. हा ग्रंथ सात समुद्रांपलीकडे छापला, आणि त्यात आमचे घर कसे आले?

रुद्राणी तूर निवडत ऐकत होती. मी तिला मराठीत सांगत होतो. ती म्हणाली, "आणि ह्यांच्या बायका?"

"त्या मागून आल्या. रानात गेल्यावर मुले परत शहरात जाऊन लग्नाच्या मुली असलेले एक कुटुंबच घेऊन आली."

"भाकरी थापायची वेळ आली तवा आठवण झाली म्हणा की."

बायकोला आध्यात्मिक ग्रंथ सांगण्यात ही अडचण असते.

१ डिसेंबर

रुद्राणीला कुठून तरी कळले आहे की मॉर्मन लोक अनेक बायका करतात. आज सकाळपासून भाकरी आदळत वाढत होती. मी सांगितले की ते त्यांनी कधीच सोडले, आणि ऑल्सनसाहेबाला एकच बायको आहे, फोटो दाखवला होता त्याने. मग भाकरीवर तूप आले.

अव्वाच्या मनात दुसरीच शंका. परक्या धर्माची पोथी घरात, देवाला चालेल का? म्हणून मठात स्वामींकडे जाऊन आलो. स्वामींनी विचारले, "काय आहे त्यात?"

मी म्हणालो, "बाप, चार मुलगे, भावाभावांची भांडणं. पुढे जहाजात बसून समुद्रापार जातात, तिथेही भांडतात."

स्वामी म्हणाले, "म्हणजे घरचंच आहे. वाच की."

६ डिसेंबर

आज जे घडले ते लगेच लिहून ठेवायला हवे.

काल रात्रीपर्यंत मी वाचले ते असे. समुद्राकाठी आल्यावर धाकट्याला आज्ञा होते, जहाज बांध. तो डोंगरातून धातू काढून हत्यारे करायला लागतो. थोरले हसतात, की ह्याने जन्मात जहाज पाहिले नाही आणि निघाला बांधायला. सकाळी रुद्राणीला हे सांगून दुपारी दुकानात गेलो. इंजिनाचे दरपत्रक मी उघडून बसलो होतो. अण्णा म्हणाला, "धुळाप्पा, त्याला विचार, इंजिन चालवणार कोण? जन्मात होडी वल्हवली न्हाय आणि जहाज बांधायला निघाल्यासारखं झालं हे."

जहाज! सोलापुरात! अण्णाने उभ्या आयुष्यात भीमेच्या नावेपलीकडे काही पाहिलेले नाही. त्याच्या तोंडी नेमके हेच शब्द, याच दिवशी! हा योगायोग नव्हे. थोरल्याच्या तोंडून देवाने मला खूण दिली. मी धाकटाच आहे हे नक्की झाले.

रुद्राणीला सांगितले तर तिला ठसका लागला आणि ती पाणी प्यायला आत गेली. बराच वेळ आली नाही. तिकडून वैनीच्याही ठसक्याचा आवाज आला. मिरच्या भाजत असाव्यात.

९ डिसेंबर

आज जेवण झाल्यावर मनात प्रश्न धरून बसलो. वाटणी मागू? आणि छातीत ऊब! स्पष्ट, गळ्यापर्यंत चढत येणारी. डोळ्यांत पाणी आले. ऑल्सनसाहेब म्हणाला तसेच झाले.

दुकानात धुळाप्पाला विश्वासात घेऊन सांगितले. तो म्हणाला, "जेवताना शेंगाची चटणी व्हती का?"

"होती."

"नवी कुटलेली?"

"हो."

"मग ताक प्या धनी. आमच्याकडंबी समद्यास्नी तसलंच व्हतंय."

ताक प्यायलो. ऊब गेली. उत्तर असते तर ताकाने गेले नसते, असे वाटते. पोथी पूर्ण झालेली नाही, तेव्हा घाई करू नये.

१४ डिसेंबर

जहाजात थोरल्यांनी धाकट्याला दोरांनी बांधले. लगेच त्यांचे दिशा दाखवणारे यंत्र बंद पडले आणि वादळ सुटले. मी फार रंगून सांगत होतो. रुद्राणी म्हणाली, "एक इचारू? ही पोथी लिवली कुणी?"

"हा भाग धाकट्यानेच. धातूच्या पत्र्यांवर कोरून."

"आणि थोरल्यानं लिवलेली कुटं हाय?"

"त्याने लिहिली नाही."

"तरीच," ती म्हणाली. "ज्याच्या हातात बोरू, त्याचं तोंड गोरं."

मी भाकरी ताटात ठेवून उठलो. ही म्हण अण्णाची आहे. लहानपणी मी पाटीवर काही लिहून वडिलांना दाखवले की तो हेच म्हणायचा. त्या वेळी रुद्राणी या घरात नव्हती. मग तिला कशी ठाऊक? म्हणी अशा हवेत असतात, म्हणून येत असेल ओठांवर. पण राग आला तो आलाच.

१५ डिसेंबर

रुद्राणीशी बोललो नाही. घरी धुळाप्पा नसल्यामुळे फार अडचण झाली. धोतर कुठे आहे ते कळेना.

२१ डिसेंबर

आठवडाभर पोथीला हात लावला नव्हता. तो प्रश्न मात्र डोक्यात भुंग्यासारखा घुमत राहिला. थोरल्याने लिहिले असते तर काय लिहिले असते?

गंमत म्हणून ही वही चाळली. यात अण्णा प्रत्येक ठिकाणी काही तरी लागट बोलतो आणि मी शांतपणे, समजुतीने उत्तर देतो. असेच घडले होते, हे खरे. पण वाचताना मलाच तो धाकटा जरा कंटाळवाणा वाटला.

मग एक कोरा कागद घेतला आणि अण्णा लिहील तसे लिहून पाहिले. 'वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी इंग्रजी तिसरीत होतो. शाळा मलाही आवडायची. दुकानात बसायला कुणीतरी हवे होते, म्हणून मी बसलो. धाकट्याच्या शाळेत खंड पडू दिला नाही. त्याच्या मॅट्रिकच्या निकालादिवशी मी पेठेत पेढे वाटले. आता तो गिऱ्हाइकांसमोर इंग्रजी दरपत्रक उघडून बसतो, म्हणजे मला वाचता येऊ नये.'

इथवर लेखणी कुठेही अडली नाही. मला वाटले होते एक ओळही सुचणार नाही. कागद चुलीत घातला. यातले सगळे मला माहीत होते. लिहिलेले नव्हते इतकेच.

रुद्राणीशी बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, "काय वाचलालाय फुडं? लई दिस गोष्ट अडलीया." तिचा चेहरा एवढा उत्सुक होता की पोथी तिला मनापासून आवडते, हे मला आजच कळले.

२९ डिसेंबर

मधला भाग लढायांचा. धाकट्याचे वंशज एका बाजूला, थोरल्याचे दुसऱ्या. पिढ्यान् पिढ्या तेच. पणतूच्या पणतूला विचारले की बाबा का लढतोस, तर तो म्हणणार, त्यांनी आमच्या पूर्वजाला जहाजात बांधले होते.

मध्येच एक फार सुंदर जागा आहे. देव स्वतः त्यांच्यात येऊन जातो. त्यानंतर त्यांच्यात कोणी धाकट्याचा नाही, थोरल्याचा नाही, सगळे एक. दोन-तीन पिढ्या सुखाने नांदतात. आणि गंमत अशी की, एवढ्या मोठ्या काळाला पोथीत जेमतेम दोन-चार पाने. भांडण पुन्हा लागले की पुन्हा पानेच पाने.

रुद्राणी म्हणाली, "सुकाचं काय लिवायचं? जेवलो, झोपलो, पोरास्नी न्हाऊ घातलं. संपलं की."

मी म्हणालो, "मला ती चार पाने सगळ्यांत आवडली."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे वैनीला सांगते." का, ते विचारायचे राहिले.

५ जानेवारी १९२९

काल रात्री पोथी संपली.

धाकट्याचा वंश नाहीसा होतो. मी पान उलटून पुन्हा वाचले. डिक्शनरी काढली, अर्थ चुकला असेल म्हणून. नाही. सगळे मारले जातात. शेवटचा एक माणूस उरतो. ना घर, ना नातलग. तो एकटा रानोमाळ लपत फिरतो, पोथी पुरी करतो आणि पुरून ठेवतो. आणि ती कोणासाठी ठेवतो? थोरल्याच्या वंशजांसाठी. ज्यांनी त्याचे सगळे मारले त्यांच्या पोरांनी ती वाचावी म्हणून.

मी इतके दिवस वाट पाहत होतो की शेवटी धाकट्याची सरशी होणार. रडू आवरेना. रुद्राणीला सांगितले तर तिनेही पदराने डोळे पुसले. नेहमीसारखे काही बोलली नाही.

आज सकाळी आंघोळ करून लिंगपूजा केली आणि तसाच डोळे मिटून बसलो. आता विचारायचे. वाटणी मागू की नको? विचारण्यापूर्वी 'येईल ते उत्तर मानीन' असे म्हणायचे होते. ते शब्द तोंडातून निघेनात. म्हणजे माझ्या खिशात उत्तर आधीच होते आणि मी देवाकडे फक्त सही मागत होतो. असे असेल तर विचारण्यात अर्थ नाही. बराच वेळ बसून शेवटी एकदाचे म्हणालो, जे सांगशील ते.

पण लक्ष लागेना. भिंतीपलीकडे अण्णा खोकत होता. चांगला आठवडाभर खोकतो आहे. लहानपणापासून त्याला थंडीत हे होते आणि तो कधी औषध घेत नाही. अडुळशाचा काढा घ्यायला हवा. वैनी सांगत असेल, तो ऐकत नसेल. असे सगळे मनात येत राहिले. त्यामुळे उत्तर आले असलेच, तर मला ऐकू आले नाही.

६ जानेवारी

अडुळशाचा पाला आणून वैनीला दिला. माझे नाव सांगू नका म्हटले. ती हसायला लागली. आजकाल या घरातल्या बायका उगीच हसतात.

११ जानेवारी

काल येळ अमावस्या, रानातल्या पूजेचा सण. कुंभारीच्या आमच्या शेतात सगळे घर दोन गाड्यांतून गेले. अण्णाची गाडी पुढे, माझी मागे. धुळाप्पा त्याच्या स्वतःच्या शेतात गेला होता. एकत्र कुटुंबाची ही शेवटची येळवस, असे मनात येत होते, आणि अव्वाच्याही येत असावे, कारण ती वाटेत एक शब्द बोलली नाही.

ज्वारी छातीला लागली आहे. कडब्याची खोप केली, तिच्यात पाच पांडवांचे दगड चुना लावून मांडले, पूजा झाली. अंबिल शिंपडत रानाला फेरी घातली. अण्णा पुढे, मी मागे. मग भज्जी, बाजरीचे उंडे, अंबिल. एवढे जेवलो की बसवेना.

बायका आणि पोरे झोक्याकडे गेली. चिंचेखाली अण्णा आणि मी दोघेच उरलो. मधे धुळाप्पा नाही. मी ज्वारीकडे बघत होतो. अण्णाही ज्वारीकडे बघत होता.

अण्णा ज्वारीला म्हणाला, "त्या शेवटच्या माणसाचं काय झालं?"

मी म्हणालो, "कुठल्या?"

"पोथीतल्या. एकटाच उरला त्यो. तुझी बायको पाच-सा दिस झालं फुडचं सांगंना. तुझ्या वैनीला म्हणली, हितनं फुडं ज्याची पोथी त्याला इचारा."

मला काही क्षण काही कळेचना. मग कळले. रोज सकाळी मी सांगायचो ते लगेच चुलीपाशी वैनीला जायचे आणि दुपारी जेवताना अण्णाला. सगळी पोथी. पहिल्या दिवसापासून. म्हणजे ते जहाज अण्णाने तिथूनच उचलले. आणि ती म्हण त्याच वाटेने उलटी रुद्राणीकडे आली. जहाजाला मी देवाची खूण समजलो होतो! कान तापले. मी म्हणालो, "पोथी पुरली त्याने. पुढचे काही लिहिलेले नाही."

"कुणासाठी पुरली?"

"थोरल्याच्या पोरांसाठी."

अण्णाने मान हलवली. मग म्हणाला, "चांगला माणूस." थोड्या वेळाने पुन्हा, "एक सांग. ते जहाज. एकट्यानं जहाज व्हतंय व्हय? लाकडं वाहायला, दोर ओढायला थोरलं असणारच की. ते लिवलंय का?"

मी आठवून पाहिले. "आहे. त्यांनीही बरोबरीने काम केले असे आहे. एका ओळीत."

"बघ," अण्णा म्हणाला. "एका वळीत."

मला हसू आले. मग त्यालाही आले आणि हसता हसता खोकला आला. मी पाठीवर हात ठेवला. काढा घेतलास का विचारले, तर म्हणाला, घेतला, लई कडू होता, कुणी पाला आणला ते मला ठाऊक हाय.

मग मी विचारले. विचारायचे ठरवले नव्हते. "अण्णा, वाटणी मागू का मी?"

"मला काय इचारतोस? देवाला इचारलास म्हणं."

"त्याने काही सांगितले नाही."

अण्णाने एक काडी मोडली. "तुला मैंदर्गीला जायचं असंल तर जा. मी आडवा येणार न्हाय. पण मला एकदा नीट सांग, ते इंजिन करतं काय. वरीसभर धुळाप्पाच्या तोंडनं ऐकलालो. त्येला येत न्हाय सांगायला. धुराचा बैल म्हणतो त्यो."

मी उठलो. "चल, दाखवतो."

ऑल्सनसाहेबाने बसवलेले इंजिन तिथून जवळच्याच जिनात आहे. सणामुळे जिन बंद होते, पण राखणदार मला ओळखतो. उंड्यांची पुरचुंडी दिली, त्याने कुलूप काढले. मला येते तेवढे मी सांगितले. तेल इथून जाते, इथे पेटते, हा दट्ट्या पुढेमागे होतो, त्याने हे मोठे चाक फिरते. अण्णा वाकून एकेक भाग न्याहाळत होता. मग त्याने पुढे होऊन त्या चाकावर हात ठेवला. नवा बैल घेताना तो वशिंडावर ठेवतो, तसा.

"पाणी कुटलं लागतंय ह्याला? विहिरीचं चालंल?"

मी म्हणालो चालेल.

"मैंदर्गीच्या विहिरीचं खारं हाय. मामाच्या मळ्यातली गोड हाय. जागा तितं बघायला पायजे." चाकाभोवती फिरत तो म्हणाला, "तुला कुणी सांगितलं हे? तू गावात जागा बघून ठेवलास."

त्याने मला तोंडावर मूर्ख म्हटल्यासारखेच होते ते. आणि त्याचे म्हणणे बरोबर होते.

येताना दोघे एका गाडीत बसलो. अव्वा मागच्या गाडीतून सारखी वाकून बघत होती.

२० जानेवारी

गड्ड्याची जत्रा उरकली. आज पंच आले. मी त्यांना मागेच बोलावून ठेवले होते आणि आता येऊ नका असे सांगायला विसरलो होतो. चांगली वजनदार माणसे, फेटे बांधून आलेली. ओसरीवर मांडी घालून बसली आणि घसा खाकरून म्हणाली, "हं, बोला. काय काय वाटायचं?"

अण्णाने माझ्याकडे पाहिले, मी अण्णाकडे.  तेवढ्यात अव्वा हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या खिरीचे, पातेले घेऊन बाहेर आली आणि प्रत्येकाच्या पुढे वाढत गेली. "वाटलं की. समद्यास्नी सारखं. खावा आता."

पंच जरा हिरमुसले. पण हुग्गी चांगली झाली होती.

वैनीला आणि रुद्राणीला मी संध्याकाळी विचारले, की हे तुम्ही दोघींनी ठरवून केले का? रुद्राणी म्हणाली, "आमी काय ठरवणार? गोष्ट लई चांगली व्हती म्हणून सांगितली." वैनी म्हणाली, "आमच्यात ह्यास्नी जेवताना काय तरी ऐकायला लागतंय." दोघींचे चेहरे अगदी सरळ होते.

१७ मार्च

जवळजवळ दोन महिन्यांत वही उघडली नाही. मामाच्या मळ्यात गोड विहिरीजवळ इंजिन बसले. बसवायला दुसराच फिटर आला. ऑल्सनसाहेब कलकत्त्याकडे गेला आहे म्हणे. त्याला कळवायला हवे की पोथी पुरी वाचली. उत्तर मिळाले का, असे तो विचारील, तर काय लिहावे ते सुचत नाही. त्या दिवशी नीट ऐकू आले नाही, आणि पुन्हा विचारायचे राहूनच गेले. वाटणीचा प्रश्नच उरला नाही, तर विचारणार काय? पोथी मात्र मी पुन्हा सुरुवातीपासून वाचायला घेतली आहे. या खेपेला थोरल्यांकडे लक्ष ठेवून. त्यांना उपाशी, तहानलेले, बायकापोरांसह रानात ओढून नेले होते, हे मागच्या वेळी माझ्या नीटसे ध्यानातच आले नव्हते.

मैंदर्गीला मी जायचे ठरले होते. पण पहिल्या दिवशी अण्णा नुसते बघायला म्हणून गेला तो आलाच नाही. पंधरा दिवसांनी वैनी सामान घेऊन तिकडे गेली. गडी सांगत होते, थोरले धनी पहाटे उठून इंजिन पुसतात. कन्नडमध्ये त्याच्याशी बोलतात. मी इथे दुकानात धुळाप्पाबरोबर बसतो.

आज अण्णा सगळ्यांना घेऊन सोलापूरला आला. दुपारी जेवण झाल्यावर दुकानात येऊन म्हणाला, "चनबसा, अजून एक इंजिन घ्यायचं. ह्याच्या दुप्पट ताकदीचं. अक्कलकोटाला."

मी म्हणालो, "आधी हे वर्षभर चालू दे."

"तू दुकानात बसून म्हातारा झालास बघ."

"आणि तू? मला वर्षभर अडवून धरलेस, आता स्वतः..."

"मी आडवलं? तू नीट सांगितलास कवा? दरपत्रक वाचून दाखवायचास इंग्रजीत!"

"तुला तरी ऐकायचे होते का? लक्ष्मी पळून जाते म्हणे!"

आवाज वाढत गेले. अण्णाने उपरणे आपटले, मी तक्क्यावर मूठ मारली. तू असा, तू तसा, तुझे हे नेहमीचेच. शेजारचा कापडवाला दारात येऊन उभा राहिला. धुळाप्पा दोघांकडे आळीपाळीने बघत होता, पण त्याला कोणी काही सांगायला सांगेना. तासभर तरी चालले असेल. अक्कलकोटचा निकाल काही लागला नाही. उद्या पुढचे.

पाणी प्यायला आत गेलो तर वैनी माजघराच्या दारात बसली होती. तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "जरा हळू चला. अव्वा झोपल्यात."

मी म्हणालो, "या आरडाओरड्यात?"

"व्हय की. तुमी दोघं भांडायला लागलासा आणि त्यास्नी डोळा लागला. वरसात पयल्यांदा बघतीया, दुपारचं अशा घोरत्यात."

मी आत डोकावून पाहिले. अव्वा भिंतीकडे तोंड करून, एक हात उशाखाली घेऊन खरेच गाढ झोपली होती. बाहेरून अण्णाने पुन्हा हाक मारली, "चनबसा! कुटं पळालास? इकडं ये!"

मी गेलो.